एक पांढरा दगड, एक वीट आणि राहून गेलेला 'का?'



आज एका खनिजाबद्दल लिहिते आहे. त्याचं नाव मॅग्नेसाइट. नाव वाचून कंटाळू नका. माझी तक्रार खनिजाबद्दल नाही, ते शिकवण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्यात सर्वात आधी माझ्या स्वतःच्या पद्धतीबद्दल.

मागच्या दिवाळीत एक माजी विद्यार्थी घरी आला होता. दहावीनंतर आयटीआय करून तो आता एका पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करतो. वितळलेलं पोलाद ज्या भल्यामोठ्या पात्रात ओततात, त्याच्या आतून विटांचं अस्तर लावायचं, ते झिजलं की उखडायचं आणि पुन्हा लावायचं, हे त्याचं काम. फराळ करता करता म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकवलं होतं ना, मॅग्नेसाइटचा उपयोग उच्चतापसह विटा करण्यासाठी होतो? मी पेपरात लिहिलं होतं, मार्क पण मिळाला होता. आता त्याच विटा रोज हातात असतात."

मला बरं वाटलं. मग त्याने विचारलं, "पण एक सांगा मॅडम. ही वीट दीड-दोन हजार डिग्रीला काही होत नाही म्हणतात. मग पावसाळ्यात तिच्यावर साधं पाणी पडलं तर सुपरवायझर एवढा का ओरडतो? ताडपत्री घालून, पॅलेटवर ठेवून तिला लहान बाळासारखं जपायला लावतात. आगीला न भिणारी वीट पाण्याला का भिते?"

मला उत्तर आलं नाही. "बघून सांगते" म्हणाले. तो गेल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. ज्या मुलाने माझ्याच वर्गात 'उपयोग' पाठ करून मार्क मिळवला, त्याला त्याच वस्तूबद्दलचा पहिला खरा प्रश्न पडला तेव्हा माझं शिकवणं त्याच्या काहीच कामाला आलं नाही. आणि उत्तर काही अवघड नव्हतं. ते आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच होतं, फक्त वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत मांडते. खनिजांचे 'आढळ' आणि 'उपयोग' हे दोन रकाने पाठ करून घेणं आपण थांबवायला हवं. वर्षातून वीस खनिजांच्या याद्या करण्यापेक्षा एकच खनिज घ्यावं आणि ते मुळापासून शेवटपर्यंत शिकवावं: ते कसं तयार झालं, त्यामुळे त्याच्यात कोणता गुण आला, त्या गुणामुळे कोणता उपयोग झाला आणि त्या उपयोगाची किंमत कोण मोजतं. हे चार प्रश्न एका खनिजाला नीट विचारता आले की मूल उरलेल्या एकोणीस खनिजांना ते स्वतःच विचारेल. मॅग्नेसाइट हे उदाहरण घेऊन मी हे दाखवते. वाचून झालं की तुम्हीच ठरवा.

१. नावाने फसवणारा दगड

मॅग्नेसाइट म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. रंग बहुधा पांढरा, कधी पिवळसर किंवा करडा. कठिनता ३.५ ते ४.५, म्हणजे आपल्या ओळखीच्या कॅल्साइटपेक्षा थोडा कठीण. पाण्याच्या साधारण तिप्पट जड. तमिळनाडूत सेलम शहराजवळ, येरकाडच्या डोंगराच्या पायथ्याशी याचे प्रसिद्ध साठे आहेत. तिथल्या टेकड्यांवर पांढऱ्या शिरांचं जाळं दिसतं, म्हणून इंग्रजांच्या काळापासून त्यांना 'चॉक हिल्स', म्हणजे खडूच्या टेकड्या म्हणतात. गंमत म्हणजे तिथे खडू नाहीच! खरा चॉक हा समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांपासून झालेला मऊ चुनखडक असतो. सेलमचा पांढरा दगड तसा झालेला नाही. तो फोडला तर चिनीमातीच्या कपाचा तुकडा पडावा तसा गुळगुळीत, वळणदार फुटतो.

मीही कित्येक वर्षं वर्गात 'सेलमचे खडूचे डोंगर' असंच सांगत आले. नावावर विश्वास ठेवला, तपासून पाहिलं नाही.

ही नावाची फसवणूक वर्गात छान वापरता येते. आपण फळ्यावर वापरतो तो खडू बऱ्याचदा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे जिप्समच्या कुळातला असतो. काही खडू कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला मुलं हाताला पांढरी पावडर लावतात, तिलाही चॉकच म्हणतात, पण ती मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. म्हणजे एकाच नावाखाली तीन वेगळे पदार्थ आले. नाव पाठ केल्याने वस्तू कळत नाही, हे मुलांना याहून सोप्या रीतीने कसं सांगणार?

पालकांसाठी आणखी एक. बाजारात स्वस्तात मिळणारा निळा 'फिरोजा' कधी कधी निळ्या रंगात बुडवलेला मॅग्नेसाइट असतो. काही मॅग्नेसाइट सच्छिद्र असतो आणि रंग पटकन शोषून घेतो.

२. तो तयार कसा होतो?

इथे आपण मुलांना एक कोडं घालू शकतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम असतं आणि कॅल्शियम फक्त सुमारे ०.४ ग्रॅम. कार्बोनेटही पाण्यात असतंच. मग कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारे शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे का? मॅग्नेशियम तिप्पट असूनही समुद्राच्या तळाशी मॅग्नेसाइटचे थर का साचत नाहीत?

उत्तर असं की मॅग्नेशियमचा आयन लहान असतो आणि त्याच्यावर दोन धन प्रभार असतात. त्यामुळे तो पाण्याच्या रेणूंना स्वतःभोवती घट्ट धरून ठेवतो. कार्बोनेटशी जोडी जमवायची तर आधी हे पाण्याचं कडं सुटायला हवं, आणि साध्या तापमानाला ते सहज सुटत नाही. कॅल्शियमचा आयन मोठा आहे, त्याची पाण्यावरची पकड सैल. त्यामुळे शर्यत तोच जिंकतो. मॅग्नेशियम मागे पाण्यातच राहतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्याचा कडवटपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो.

म्हणजे मॅग्नेसाइट व्हायला खास परिस्थिती लागते. ती निसर्गात मुख्यतः तीन प्रकारे जमून येते.

पहिली रीत सेलमची. पृथ्वीच्या खोल भागातून आलेले काही गडद, जड खडक असतात. त्यांत सिलिका कमी आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. ड्युनाइट आणि पेरिडोटाइट ही त्यांची नावं. त्यांतलं मुख्य खनिज हिरवट रंगाचं ऑलिव्हीन. या खडकांच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी फिरलं की ऑलिव्हीन बदलू लागतं. त्यातून सर्पेंटाइन हे खनिज आणि मॅग्नेसाइट तयार होतं. मॅग्नेसाइट भेगांमध्ये साचत जातं. म्हणून सेलमला त्याचे सलग थर नाहीत, शिरा आहेत. यातले स्फटिक इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

दुसरी रीत हिमालयातली. उत्तराखंडात अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागढ, चमोली या भागांत डोलोमाइट खडकांच्या संगतीने मॅग्नेसाइट सापडतो. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. मॅग्नेशियमने समृद्ध असे द्राव त्यातून गेले की कॅल्शियमची जागा हळूहळू मॅग्नेशियम घेतं. हा मॅग्नेसाइट स्फटिकमय असतो, फोडल्यावर चकाकतो. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातले आणि चीनच्या ल्याओनिंग प्रांतातले मोठे साठेही स्फटिकमयच आहेत.

तिसरी रीत गाळातली. मॅग्नेशियमयुक्त खडकांवरून वाहत आलेलं पाणी उथळ सरोवरात किंवा गाळात साचतं आणि तिथे मॅग्नेशियमचे कार्बोनेट निवळून बसतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या कुन्वारारा इथे असे मॅग्नेसाइटचे गोळे गाळात सापडतात.

भारतातल्या साठ्यांचा सर्वात मोठा वाटा उत्तराखंडात आहे, त्यानंतर राजस्थान आणि तमिळनाडू यांचा. महाराष्ट्राचं नाव या मोठ्या साठ्यांत नाही. आपला बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. आपल्या खाणीत जे पांढरं चमकतं ते बहुधा कॅल्साइट, क्वार्ट्झ किंवा झिओलाइट असतं. हे मुलांना मुद्दाम सांगा. 'आपल्याकडे का नाही?' हाही भूगोलाचाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नकाशात नसतं, खडकात असतं.

३. जोडायला उशीर, तोडायलाही उशीर

आता एक प्रयोग. चार वाट्या घ्या. एकीत अंड्याचं टरफल, दुसरीत फळ्याचा खडू, तिसरीत जिम्नॅस्टिक्सची पावडर, चौथीत मिळाला तर मॅग्नेसाइटचा खडा. सगळ्यांवर घरातलं व्हिनेगर टाका. टरफलावर बुडबुडे येतील. खडू जिप्समचा असेल तर बुडबुडे येणार नाहीत, कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर येतील. पावडर फसफसेल. आणि मॅग्नेसाइटचा खडा? तो जवळजवळ गप्प बसेल. वर्गात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पावडर मॅग्नेशियम कार्बोनेटची आणि दगडही मॅग्नेशियम कार्बोनेटचा, मग दगड नापास का?"

कारण पावडर कारखान्यात तयार केलेली, पाण्याचे रेणू धरून ठेवलेली, अगदी सुट्या कणांची असते. दगडात मॅग्नेशियम आणि कार्बोनेट एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. जे जोडायला कष्ट पडले, ते तोडायलाही कष्ट पडतात. प्रयोगशाळेत शिक्षकांनी स्वतः त्याच खड्याची पूड करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं कोमट केलं तर मात्र तो छान फसफसतो. भूवैज्ञानिक मॅग्नेसाइट आणि कॅल्साइट वेगळे ओळखायला हीच खूण वापरतात: थंड आम्लात कॅल्साइट उसळतो, मॅग्नेसाइट उसळत नाही.

४. भट्टीत काय होतं?

मॅग्नेसाइट तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे मॅग्नेशियम ऑक्साइड उरतो. व्यवहारात त्याला मॅग्नेशिया म्हणतात. नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब सहज जमतो. मॅग्नेशियम २४, कार्बन १२, तीन ऑक्सिजन ४८, बेरीज ८४. म्हणजे ८४ किलो शुद्ध मॅग्नेसाइट भाजला तर ४० किलो मॅग्नेशिया मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अर्ध्याहून जास्त दगड हवा होऊन उडून जातो!

हे वजन पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांपैकी एक म्हणजे एडिंबरो विद्यापीठातले जोसेफ ब्लॅक. मूतखड्यावर चुन्यापेक्षा सौम्य औषध शोधताना ते 'मॅग्नेशिया अल्बा' या पांढऱ्या भुकटीवर काम करत होते. ती मॅग्नेशियम कार्बोनेटचीच भुकटी. तापवल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन कमी होतं हे त्यांनी तराजूवर दाखवलं आणि जे गेलं ती एक वेगळी 'हवा' आहे हे ओळखलं. १७५४ मध्ये त्यांनी हे प्रबंधात मांडलं. ती हवा म्हणजेच आपला कार्बन डायऑक्साइड. मॅग्नेशिया आणि चुना हे दोन वेगळे पदार्थ आहेत हेही त्यांनी स्पष्ट केलं. एक तराजू आणि 'वजन गेलं कुठे?' हा एक प्रश्न, एवढ्यावर हा शोध लागला.

किती तापवलं यावर पुढचं सगळं ठरतं. साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजलेला मॅग्नेशिया अजून 'जिवंत' असतो. त्याचे कण बारीक, सच्छिद्र असतात आणि तो पाण्याशी, आम्लाशी अभिक्रिया करतो. १५०० ते २००० अंशांपर्यंत भाजला की कण मोठे, घट्ट होतात आणि तो जवळजवळ निष्क्रिय होतो. याला 'पूर्ण भाजलेला' मॅग्नेशिया म्हणूया. विजेच्या भट्टीत वितळवूनही मॅग्नेशिया तयार करतात. त्याला वितळायला सुमारे २८०० अंश तापमान लागतं.

५. उपयोग: आता पाठ करायची गरज नाही

पोलादाच्या भट्टीत तापमान १६०० अंशांच्या वर जातं. २८०० अंशांना वितळणारा मॅग्नेशिया तिथे टिकणार, हे उघड आहे. पण सिलिकाच्या विटाही बरंच तापमान सोसतात, मग मॅग्नेशियाच का? इथे आम्ल आणि आम्लारीचा धडा कामाला येतो.

लोहखनिजातून फॉस्फरस येतो आणि तो राहिला तर पोलाद ठिसूळ होतं. तो काढायला भट्टीत चुना टाकावा लागतो. चुना आम्लारीधर्मी, सिलिका आम्लधर्मी. दोघांची अभिक्रिया होते आणि चुना विटांचं अस्तरच खाऊन टाकतो. एकोणिसाव्या शतकात पोलाद उद्योगापुढची ही मोठी अडचण होती. ती सोडवली सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या तरुणाने. तो लंडनच्या न्यायालयात कारकून होता आणि संध्याकाळी रसायनशास्त्र शिकायचा. रसायनतज्ज्ञ असलेल्या पर्सी गिलख्रिस्ट या चुलतभावाच्या मदतीने त्याने भट्टीला डोलोमाइटचं, म्हणजे आम्लारीधर्मी अस्तर लावून पाहिलं. १८७९ पर्यंत ही पद्धत यशस्वी ठरली होती. त्यानंतर मॅग्नेसाइटच्या विटांची मागणी वाढत गेली. आज जगातल्या मॅग्नेसाइटचा मोठा भाग अशा अस्तरांसाठीच जातो. विदर्भातली कितीतरी कुटुंबं नोकरीसाठी भिलाईला गेली. तिथल्या पोलादाच्या भट्ट्यांच्या आतही मॅग्नेशिया आणि कार्बन यांच्या विटा असतात.

म्हणजे 'उच्चतापसह विटा' या शब्दांमागे दोन गुण आहेत: उष्णता सोसणं आणि चुन्याशी न भांडणं. मुलांना दोन्ही कळले पाहिजेत.

बाकीचे उपयोगही याच रीतीने पाहता येतात. गिझरच्या किंवा पाणी तापवायच्या रॉडच्या नळीत तापणारी तार असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियाची पूड दाबून भरलेली असते, कारण तो उष्णता जाऊ देतो पण वीज जाऊ देत नाही. कमी भाजलेला मॅग्नेशिया खतात आणि जनावरांच्या खाद्यात घालतात. पानांच्या हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमच असतं. हाच 'जिवंत' मॅग्नेशिया मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात कालवला की दगडासारखा घट्ट होतो. १८६७ मध्ये फ्रान्सच्या सोरेल यांनी शोधलेलं हे सिमेंट फरशांसाठी वापरलं गेलं. मॅग्नेशियम कार्बोनेटची बारीक पूड ओलावा धरते, म्हणून मीठ मोकळं राहावं यासाठी तिचा उपयोग करतात आणि जिम्नॅस्टच्या घामट हातांनाही तीच लागते.

६. चौथा रकाना: किंमत

हा रकाना आपल्या पुस्तकात नसतो. तो आपण जोडावा असं मला वाटतं.

वरचा हिशेब आठवा. एक टन मॅग्नेशिया मिळवताना फक्त दगडातूनच सुमारे १.१ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. ज्या वायूला निसर्गाने दीर्घकाळ खडकात बांधून ठेवलं, तो भट्टीत काही तासांत मोकळा होतो. उलट बाजूने पाहिलं तर ओमानच्या डोंगरांतले पेरिडोटाइट खडक आजही हवेतला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटच्या रूपात बांधून घेत आहेत, आणि हीच प्रक्रिया वेगाने करून घेता येईल का याचा शास्त्रज्ञ अभ्यास करत आहेत. सेलमला जे घडलं त्यातूनच उद्याचा एखादा उपाय निघू शकतो.

दुसरी किंमत जमिनीची. शिरांमधलं खनिज काढायचं तर आजूबाजूचा बराच बिनकामाचा खडक फोडावा लागतो. त्याचे ढिगारे आणि धूळ तिथल्याच लोकांच्या वाट्याला येते.

तिसरी किंमत परावलंबनाची. आज जगातला निम्म्याहून अधिक मॅग्नेसाइट चीन काढतो, आणि आपले उद्योगही उत्तम प्रतीच्या मॅग्नेशियासाठी मोठ्या प्रमाणात तिथूनच आयात करतात. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिका ऑस्ट्रियाच्या मॅग्नेसाइटवर अशीच अवलंबून होती. युद्धामुळे पुरवठा तुटला आणि त्यांना घाईघाईने वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांतले स्वतःचे साठे खणावे लागले. भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र एका दगडात कसे एकत्र येतात, ते बघा.

७. "पण मॅडम, वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप मला माहीत आहे, कारण मीही तो घेत आले. पोर्शन संपवायचा असतो, चाचण्या असतात, वरून ऑनलाइन माहिती भरायची असते. शिवाय परीक्षेत प्रश्न 'उपयोग लिहा' असाच येतो. हे सगळं खरं आहे.

पण मी मागच्या सत्रात तीन तासिका काढून पाहिल्या. पहिल्या तासिकेत चार वाट्यांचा प्रयोग. दुसऱ्या तासिकेत ८४, ४० आणि ४४ चा हिशेब, आणि भट्टीतला आम्ल-आम्लारीचा झगडा. तिसऱ्या तासिकेत नकाशा आणि 'किंमत' या विषयावर चर्चा. या तीन तासिकांत रासायनिक अभिक्रिया, आम्ल-आम्लारी, खडक आणि खनिजे अशा तीन घटकांची उजळणी झाली. म्हणजे वेळ गेला नाही, वाचलाच. आणि 'उपयोग लिहा' या प्रश्नाला मुलांनी न पाठ करता उत्तरं लिहिली, सोबत कारणंही लिहिली. सगळ्यांना जमलं असं म्हणणार नाही. चार-पाच मुलं अजूनही "मॅडम, हे लिहून द्या ना" म्हणतात. ती सवय आपणच लावली आहे, तिला जायला वेळ लागेल.

पालकांना एक विनंती. मुलाने घरी येऊन व्हिनेगर मागितलं तर लगेच "पसारा नको" म्हणू नका. आणि वही तपासताना 'उपयोग पाठ झाले का?' असं विचारण्याऐवजी 'हाच दगड का वापरतात?' असं विचारा. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसलं तरी चालेल. मलाही नव्हतं.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. त्याला मी आठवड्याभराने फोन केला. म्हटलं, "अरे, तुझ्या आजीने कळीचा चुना पाण्यात विरवताना पाहिला आहेस का? कसा गरम होतो, फुगतो आणि फुटून भुगा होतो? मॅग्नेशिया चुन्याचाच भाऊबंद आहे. पाणी लागलं की हळूहळू मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होतो, आकाराने फुगतो आणि आतून वीट तडकते. पोटात जळजळ झाली की आपण 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' घेतो ना, तेच ते. कडक भाजल्यामुळे विटेत हे सावकाश होतं, पण ओल राहिली तर होतंच. आणि तडकलेली वीट भट्टीत लावली तर पोलाद कुठून बाहेर येईल सांगता येत नाही. म्हणून तुझा सुपरवायझर ओरडतो. तो ओरडतो ते तुझ्याच जिवासाठी."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी लक्षात ठेवलं असतं."

तो रागावून बोलला नाही. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि यावर्षीच्या मुलांना तरी मी हे वेळेवर सांगणार आहे. तुम्हीही एखादं खनिज निवडा, करून बघा आणि काय अनुभव आला ते जरूर कळवा.